गव्हातली गोळी गादीखाली ठेवू नका

उन्हाळ्यात गहू-ज्वारी भरून ठेवायचे दिवस आले की मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. जून-जुलैत लातूर, नांदेड, संभाजीनगरला पोरं शिकायला खोल्या घेऊन राहिली की तोच पुन्हा येतो. मेसेज थोडक्यात असा: ढेकूण फक्त घाणेरड्या घरात होतात. ते चावले की कावीळ, एड्ससुद्धा होतो, म्हणून वेळ घालवू नका. धान्यात ठेवायच्या दोन गोळ्या गादीखाली ठेवा, दार लावा, रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. सकाळी एकही ढेकूण उरणार नाही. गोळ्या नसतील तर कपाशीवर मारायचं औषध पाण्यात मिसळून गादीवर शिंपडा. तेही नको असेल तर गादी दोन तास उन्हात टाका आणि खाली कडुलिंबाचा पाला पसरा. एकदा केलं की वर्षभर बघायला नको.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे. पण सगळ्या चुका सारख्या नाहीत. पाला पसरून कुणाचं काही बिघडत नाही. गोळ्यांनी माणसं मरतात, म्हणून आधी गोळ्यांचंच बोलू.

ही राखाडी गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. आपल्याकडे तिला कुणी सल्फास म्हणतं, कुणी नुसतं ‘गव्हातली गोळी’. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो आणि किडे मरतात ते त्या वायूने. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. आता हिशेब करा. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरली आणि दोन गोळ्यांतला सगळा वायू तिच्यात कोंडला, तर हवेच्या दहा लाख भागांत फॉस्फिनचे सुमारे ५० भाग होतात. जिवाला तत्काळ धोका मानली जाते ती पातळी हीच, ५०. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेने घालून दिलेली मर्यादा आहे ०.३. मेसेज मात्र ‘दोन गोळ्या’ असं लिहितो, जणू दोन उदबत्त्या लावायच्या आहेत.

‘रात्री दुसऱ्या खोलीत झोपा’ हे तर सगळ्यात घातक वाक्य. आपल्याकडच्या पत्र्याच्या खोल्यांची ओळ डोळ्यांसमोर आणा. मधली भिंत बऱ्याचदा पत्र्याला टेकलेलीच नसते. वर वीतभर फट, त्यातून पलीकडचा टीव्ही ऐकू येतो. जिथून आवाज येतो तिथून वायूही येतो. दाराखालची फट, खिडकीची मोडकी काच, वायरीसाठी पाडलेलं भोक, सगळ्या वाटा त्याला मोकळ्या. गोळ्या ठेवणारं घर पाहुण्यांकडे जाऊन झोपतं आणि भिंतीपलीकडचं लेकरू रात्रीतून उलट्या करायला लागतं. देशात अशा घटना घडल्या आहेत आणि त्यात लहान मुलं गेली आहेत. वासावरून कळेल या भरवशावरही राहू नका. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो तो त्यातल्या इतर घटकांचा. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो.

‘सकाळी सगळं साफ’ हेही खोटं. गोळी विरघळल्यासारखी होत तिची भुकटी पडते, पण त्याला हवेनुसार दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे सकाळी दार उघडून अंथरूण झटकायला जाणारी बाई चालू कारखान्यात पाय ठेवते. शिवाय गोदामात हे काम होतं तेव्हा पोत्यांच्या थप्पीवर जाड ताडपत्री टाकून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, कितीतरी दिवस वायू आत कोंडतात. घर तसं हवाबंद होत नाही. वायू गळतो, भेगांत खोल बसलेले ढेकूण आणि त्यांची अंडी तगून राहतात, आणि गळालेला वायू जातो माणसांकडे.

फॉस्फिनवर उतारा नाही. डॉक्टर रक्तदाब, श्वास सांभाळण्याचे उपचार करतात, पण विष मारणारं औषध नाही. सुरुवातीला मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दाटल्यासारखं होणं, चक्कर अशी लक्षणं दिसतात आणि घरचे म्हणतात, काहीतरी खाण्यात आलं. त्यातच मोलाचे तास जातात. घरात किंवा शेजारी कुणी गोळ्या ठेवल्याचं कळलं आणि कुणाला असं व्हायला लागलं, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य ‘खोलीत गव्हातल्या गोळ्या होत्या’ हे सांगा. गोळ्यांवर पाणी ओतू नका, त्याने वायू आणखी वेगाने सुटतो. आत शिरून त्या उचलायलाही जाऊ नका; घर रिकामं करा आणि अग्निशमन दलाला कळवा.

कायदाही इथे स्पष्ट आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा आहे. कुणाच्याही पिशवीत सुट्ट्या गोळ्या टाकणारा दुकानदार नियम मोडतो आहे. तुमच्या घरात कणगीसाठी आणलेल्या गोळ्या पडून असतील तर त्या झोपायच्या खोलीत तरी नकोतच.

दुसरा उपाय, कपाशीवरचं औषध. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते उघड्या रानात होते. त्याच जातकुळीची विषं आपण बंद खोलीत, आठ तास घामेजल्या पाठीखाली ठेवायची का? मोनोक्रोटोफॉससारखी औषधं कातडीतूनही अंगात भिनतात. गादीतल्या कापसाने एकदा ती शोषली की धुऊन निघत नाहीत. ढेकणांसाठी दुकानात अजूनही ‘नुवान द्या’ म्हणून मागणारे भेटतात; त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीपासून बंदी घातली आहे. रॉकेलबद्दल एवढंच: ज्याला लागतं तो ढेकूण मरतो, बाकीचे राहतात, आणि गादी पेटायला एक ठिणगी पुरते.

आता त्या भीतीकडे येऊ, जिच्या जोरावर हा मेसेज लोकांना घाईला लावतो. ढेकणांमुळे एड्स होत नाही, कावीळही होत नाही. ढेकूण रक्त पितो म्हणून एकाचं दुसऱ्याला देत असेल हा संशय साहजिक होता आणि तो तपासूनही पाहिला गेला; ढेकणाच्या चाव्यातून माणसाला असे आजार होतात असं सिद्ध झालेलं नाही. त्रास होतो तो खाजेचा, झोपमोडीचा, खाजवून झालेल्या जखमा पिकण्याचा. चावा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा, लेकरांची नखं कापा. पू झाला किंवा अंगभर गांधी उठल्या तर डॉक्टरकडे जा. या त्रासासाठी जिवावरचं विष घरात आणायची घाई कुणीच करू नये.

‘घाणेरड्या घरात होतात’ या ओळीचा मला मनापासून राग आहे. ढेकणाला उष्टं-खरकटं लागत नाही, रक्त लागतं. ते झाडलेल्या घरातही तितकंच मिळतं. ढेकणाला पंख नाहीत. तो येतो सामानातून. वसतिगृहातली बॅग, ऊसतोडीहून परतताना ट्रकवर बांधून आणलेली अंथरुणं, लग्नाला बिछायतवाल्याकडून आलेल्या गाद्या, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला जुना दिवाण. पसारा असला की लपायला जागा जास्त मिळते आणि शोधणं अवघड जातं, एवढाच त्याचा संबंध. पण या एका ओळीमुळे लोक ढेकूण झाले हे लपवतात. नवी सून सांगत नाही, वसतिगृहातली मुलगी मैत्रिणीलाही सांगत नाही. दोन महिने गेले की एका खाटेचं दुखणं अख्ख्या मजल्याचं होतं.

म्हणून आधी ओळखायला शिका. मोठा ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायला की फुगून लांबट आणि गडद होतो. पिल्लं फिकी, जवळजवळ पारदर्शक. अंडी पांढरी, मिलिमीटरभर, फटीत चिकटवलेली. रात्री उशिरा मोबाइलची बॅटरी लावून गादीचा कोपरा उलटा करा आणि शिवणीतून जुनं एटीएम कार्ड ओढा. कार्डाच्या कडेला काळे ठिपके, वाळलेली पातळ टरफलं किंवा जिवंत ढेकूण येईल. ठिपका ओल्या कापडाने पुसला आणि शाईसारखा पसरला तर ती ढेकणाचीच घाण. मग लोखंडी पलंगाच्या पाइपची बुचं काढून बघा, दिवाणाच्या प्लायच्या कडा, खिळ्यांची भोकं, बाजेच्या नवारीच्या घड्या, वाकळेचे टाके, भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची बाजू, माळवदाच्या घरात सरांच्या, म्हणजे छताच्या आडव्या लाकडांच्या, फटी. नुसत्या चाव्यांवरून ठरवू नका. एकाच अंथरुणात झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच दिसत नाही. आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला रात्री खाज सुटत असेल, घरातल्या सगळ्यांनाच सुटत असेल, तर ती खरूज असू शकते. तिला मलम लागतं. खरजेपायी गाद्या जाळलेली घरं आहेत.

उन्हाचा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणूनच तो फसवतो. उष्णतेने ढेकूण मरतो: ४८ अंशांना मोठे ढेकूण सुमारे वीस मिनिटांत, अंडी सुमारे दीड तासात, ५० च्या वर गेलं की त्याहून लवकर. मेमध्ये परभणीत पारा ४२-४३ ला असतो आणि तापलेला पत्रा त्याहून कितीतरी गरम. पण कापसाची जाड गादी आतून तेवढी तापत नाही. वरचे ढेकूण चालत सावलीच्या अंगाला जातात आणि संध्याकाळी गादीबरोबर घरात येतात. ऊन वापरायचं तर पातळ वस्तूंना: खोळी, उशांचे अभ्रे, कपडे काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ पसरून, तोंड बांधून, अकरा ते चार गच्चीवर, मधे उलटून. गादी वाईट माखली असेल तर गादीवाल्याकडे उसवून घ्या, जुनी खोळ उकळत्या पाण्यात टाका, कापूस पातळ पसरून तापवा, आणि नव्याने भरल्यावर चेनची खोळ घालून ती चेन वर्षभर उघडू नका. कडुलिंबाच्या पाल्याने, कापराने किंवा डांबरगोळ्यांनी घरातले ढेकूण जात नाहीत.

आपल्याकडे खरं हत्यार आहे ते उकळतं पाणी. चादरी, वाकळा, नवार बादलीत टाकून वरून कढत पाणी ओता आणि झाकून ठेवा. लोखंडी पलंग आणि बाज अंगणात काढून प्रत्येक सांध्यात, प्रत्येक भोकात किटलीच्या तोटीने हळूहळू पाणी सोडा. घाईने ओतलं की ते वरूनच वाहून जातं आणि आतली अंडी जिवंत राहतात. पाण्यात न घालता येणाऱ्या जाड शिवणींवर कडक इस्त्री सावकाश फिरवा. विजेच्या बोर्डाजवळ पाणी अजिबात नको. भिंतीच्या भेगा व्हाइट सिमेंटने भरा. मग पलंग भिंतीपासून हातभर ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका आणि चारही पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. साबण विसरू नका, कारण उष्ण प्रदेशातला, आपल्याकडे सर्रास आढळणारा ढेकूण गुळगुळीत भांड्याच्या कडेवरूनही बऱ्यापैकी चढतो.

‘एकदा केलं की वर्षभर बघायला नको’ असं होत नाही. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, पोषक हवेत पिल्लू पाचेक आठवड्यांत मोठं होतं आणि मादी आयुष्यात दोनशेच्या वर अंडी घालते. म्हणून सगळा खटाटोप दहा-बारा दिवसांनी पुन्हा करायचा, गरज पडली तर तिसऱ्यांदाही. त्यानंतर दोन महिने वाट्यांत काही सापडलं नाही आणि नवे ठिपके दिसले नाहीत, तर सुटलो म्हणायचं. घर महिनाभर बंद ठेवूनही ते उपाशी मरत नाहीत. मोठा ढेकूण कित्येक महिने रक्ताशिवाय तग धरतो.

हाताबाहेर गेलं तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण त्याला कृषी विभागाचा परवाना दाखवायला सांगा. औषधाचं नाव लिहून घ्या. दुसरी फेरी ठरलेल्या पैशांत आहे का ते आधी विचारा; एका फेरीत हमी देणारा आणि ‘गोळ्या ठेवतो’ म्हणणारा, दोघांनाही दारातूनच परत पाठवा. मच्छरांचा स्प्रे मारून बघू नका. त्यात असतात त्या पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांना ढेकूण बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत, आणि जे पळतात ते शेजारच्या खोलीत जातात.

पोरं सुट्टीला घरी आली की बॅग थेट पलंगावर ठेवू देऊ नका. ती अंगणात उघडा, कपडे सरळ गरम पाण्यात टाका, शिवणी आणि चाकांच्या खोबणी बॅटरीने बघा. जुना दिवाण घेताना तो उलटा करून तपासा. वसतिगृहात एका खोलीत ढेकूण निघाले तर तेवढीच खोली नको, दोन्ही बाजूंच्या आणि वरच्या-खालच्या खोल्याही त्याच दिवशी तपासा, आणि ज्या मुलीने आधी सांगितलं तिला दुसरीकडे हलवू नका. तिच्याबरोबर तिचं सामान जातं आणि सामानाबरोबर ढेकूण.