आमचा तालुकाध्यक्ष पुन्हा बाहेरचाच?

पुन्हा तेच! तालुकाध्यक्षपदासाठी यंदाही नाव पुढे आलंय ते काल-परवा पक्षात आलेल्याचं. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. आमच्या घरात दोन पिढ्या एकाच निशाणीवर मत पडतंय. सड्यावरच्या रणरणत्या उन्हात वाडीवाडीत फिरून आम्ही स्लिपा वाटल्या. आणि हा गृहस्थ? तीन वर्षांपूर्वी राजापुरात आमच्याच विरोधात सभा घेत होता. आता गणपतीत घरोघरी आरतीला उभा राहिला, की झाला परंपरा जपणारा?

मधू दंडवते समाजवादी. बाबांनी त्यांना कधीच मत दिलं नाही. पण १९७१ पासून सलग पाच वेळा ते राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि विचार सोडला नाही, म्हणून बाबा त्यांचं नाव आदराने घ्यायचे. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आमदार-खासदारांना लागतो, तालुकाध्यक्षाला कोण अडवणार? वारं फिरलं की हा परत होडी वळवणार. २०११ पासून रखडलेल्या मुंबई-गोवा हायवेबद्दल विचारलं, तर नुसतं ‘बघू’ म्हणाला.

मत मी पक्षालाच देईन. पण ह्याच्या हाताखाली बूथवर बसायला मन घेत नाही.