जत्राच आहे. मग?

कल्याण स्लो लोकल पकडलीये. बाबांना खिडकी मिळाली, मस्जिद यायच्या आत त्यांचा डोळा लागला, आणि मी शेजारी बसून हे टाइप करतेय. घरी जाऊन जेवूनखाऊन लिहिलं असतं तर राग उतरला असता आणि आज मला तो उतरायला नकोय.

झालं असं की आज रविवार म्हणून बाबांना काळा घोडा फेस्टिवलला, म्हणजे फोर्टात दरवर्षी रस्त्यावर भरतो त्या कलेच्या उत्सवाला, घेऊन गेले होते. बाबा ७४ वर्षांचे, डाव्या गुडघ्याला नीकॅप, हातात छत्री (फेब्रुवारीत. काठी म्हटलेलं चालत नाही, म्हणून छत्री). त्यात रेल्वेचा मेगाब्लॉक. तरी गेलो, फिरलो, मजा आली, परत येऊन गाडीत बसले, फोन उघडला, तर समोर एका ओळखीच्या बाईंची पोस्ट. त्या तिथेच फोर्टात राहतात. 'काळा घोडाची अगदी जत्रा झालीये. पूर्वी कसा चांगला क्राउड असायचा, आता कुठून कुठून येतात, आर्टशी काही घेणंदेणं नाही, नुसते सेल्फी.' खाली लाइकवर लाइक. त्यातले चार जण माझ्या फ्रेंडलिस्टमधले आहेत, बघून ठेवलेत.

'कुठून कुठून' म्हणजे कुठून हो? आम्हीच ना ते. डोंबिवली, कळवा, दिवा, नालासोपारा. जे रोज सकाळी साडेआठच्या गाडीला लटकून तुमच्या त्या फोर्टात येतात, तुमच्या ऑफिसांची कुलपं उघडतात, फायली लावतात, आणि संध्याकाळी परत जातात. तेव्हा कुणी विचारत नाही कुठून आलात. रविवारी चांगले कपडे घालून पोरंबाळं घेऊन आले की मग क्राउड खराब.

माझ्या बाबांनी त्या भागात ३१ वर्षं नोकरी केली. १९७८ ते २००९. डिस्पॅचला होते, म्हणजे टपाल, पाकिटं, शिक्के, आणि दुपारी साहेबांची पत्रं घेऊन चालत फिरायचं. काळा घोडा, हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, सगळ्या गल्ल्या पायाखालच्या. डबा खाऊन झाला की चक्कर मारायला जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत जायचे, बाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात ना, त्यांची चित्रं बघायचे आणि वळायचे. आत गेले नाहीत. एकदाही नाही. कुणी अडवलं नव्हतं बरं का. त्यांना वाटायचं तिकीट असेल. किंवा तिकीट नसलं तरी 'आपलं काय काम आत'.

हे 'आपलं काय काम आत' ज्यांनी कधी मनात म्हटलेलं नाही त्यांनी क्राउडबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भायखळा गेलं आत्ता. गंमत बघा, ज्या घोड्यावरून तिथलं नाव पडलं तो घोडा इथे भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. वर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसलेला. १९६५ साली तिथून उचलून इकडे आणला. मग पन्नासेक वर्षं नाव काळा घोडा आणि घोडाच नाही, २०१७ मध्ये नवीन बसवला, तो बिनस्वाराचा. आज बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, 'बरं केलं, वर कुणाला बसवलं नाही ते.' मी हसले तेव्हा. पण आता ती पोस्ट वाचल्यावर वाटतंय की बसलेत की, दिसत नाहीत एवढंच.

तर २००४ चा फेब्रुवारी. फेस्टिवल १९९९ ला सुरू झाला, तेव्हा पाचेक वर्षं झाली असतील. बाबांना ऑफिसात उशीर झाला, साडेसातला बाहेर पडले, तर काळा घोड्याच्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर गाड्या बंद, स्टेज लावलेलं, आणि कुणीतरी यमन राग सुरू केलेला. कोण गात होतं ते त्यांना आजही माहीत नाही, नाव सांगून झालं होतं हे पोचायच्या आधी. पिशवीतला पेपर काढला, रस्त्यावर अंथरला आणि बसले. बाबांचं लहानपण गिरगावात काकांकडे गेलंय, गणपतीत रस्त्यात सतरंज्या टाकून मोठमोठे गवई गायचे त्या काळातलं, त्यामुळे रस्त्यावर बसून गाणं ऐकायची सवय अंगात होती, फक्त चाळीस वर्षं वापरली नव्हती. दहाला कार्यक्रम संपला. मोबाइल नव्हता. इकडे आईने शेजारच्यांना उठवलं, मी स्टेशनवर दोन चकरा मारल्या, आणि हा माणूस पावणेबाराला दारात उभा, पँटच्या मागच्या बाजूला सगळी धूळ, आणि म्हणतो काय, 'अगं, रस्त्यावर बसून यमन ऐकला.' आईने जे काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते जहांगीरमध्ये गेले. दारातल्या वॉचमनला विचारलं, तिकीट किती? तो म्हणाला तिकीट नाही हो, जा ना आत. २६ वर्षं! दोन गल्ल्या पलीकडे बसून २६ वर्षं! १९५२ सालापासून उघडं आहे ते दार.

म्हणून मला जत्रा या शब्दाचा राग येत नाहीये, तो शिवी म्हणून वापरल्याचा राग येतोय. जत्रा वाईट कधीपासून झाली? माहीमचा मेळा जत्राच आहे, माउंट मेरीची पण जत्राच, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येकाची भक्ती कुणी तपासत नाही. कुणी नवस फेडायला येतो, कुणी नुसता पाळण्यात बसायला. जत्रेत काही काम नसताना जाता येतं. दारात कुणी विचारत नाही, तुम्हाला यातलं कळतं का. बाबांना यमन कळतो, चित्रातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, तरी जहांगीरमध्ये पुढची पाच वर्षं रिटायर होईपर्यंत आठवड्यातून एकदा जायचेच. एसी असतो म्हणून जातो असं आईला सांगायचे.

बरं, आता थोडं स्वतःबद्दल. दादर गेलं, गाडीत गर्दी झालीये, तरी खोटं बोलवत नाही. आज संध्याकाळी एका इन्स्टॉलेशनसमोर चार मुली रील करत होत्या, तीच स्टेप सहा वेळा, आणि मागे पन्नास जण थांबलेले. मी पण तोंड वाकडं केलं. 'कसली ही पोरं' असं बाबांना म्हणाले. हेच, जवळजवळ याच सुरात, त्या बाईंनी लिहिलंय. बाबा काय करत होते? त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि त्या पोरींचा मोबाइल धरला. चौघी एकत्र येत नव्हत्या ना फ्रेममध्ये. कळव्याच्या होत्या, एकीची आई फोर्टातच कुठल्यातरी ऑफिसात हाउसकीपिंगला आहे, ती म्हणाली आई रोज इथूनच जाते पण तिने हे कधी बघितलं नाही, म्हणून तिला दाखवायला काढतोय. मग मी काय बोलणार? गप्प छत्री धरून उभी राहिले.

हां, गर्दी जास्त होते, मान्य. कोविडनंतर २०२३ ला परत सुरू झालं तेव्हा तर एका वीकेंडला मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले होते, चेंगरेल कुणीतरी असं वाटत होतं. कचरा होतो, वस्तूंना हात लावून मोडतात, हेही खरं. तिथे राहणाऱ्यांना नऊ दिवस गाडी काढता येत नाही. पण हे बंदोबस्ताचे प्रश्न आहेत हो, अकलेचे नाहीत.

आणि आवाज म्हणाल तर तो तिकडे उरलाय कुठे? कोर्टापासून शंभर मीटर सायलेन्स झोन, त्यामुळे गाणंबजावणं रॅम्पार्ट रोवरून उठून क्रॉस मैदानाकडे गेलं त्याला कितीतरी वर्षं झाली. दहाला लाउडस्पीकर बंद, तो नियम तर २००० सालापासून सगळीकडेच आहे. आमच्याकडे नवरात्रात येऊन बघा म्हणावं दहाला काय बंद होतं ते. (आमच्याच कॉलनीत. मी कमिटीत आहे. जाऊदे.)

पण ज्याची तक्रार मला खरंच ऐकावीशी वाटली ती कुणी पोस्ट करत नाही. बाबांच्या ऑफिसच्या मागे चहावाला आहे, आधी त्याचे वडील बसायचे. आज रविवार असून फेस्टिवलच्या आशेने टपरी उघडली होती. बाबांना बघून खूश झाला, पैसे घेईना, आणि मग हळूच म्हणाला, नऊ दिवस बॅरिकेड लागतात, मला कोपऱ्यावरून आत सरकावं लागतं, रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि हे लोक कटिंग पीत नाहीत, स्टॉलवरची कोल्ड कॉफी पितात. पंचवीसेक वर्षं झाली या फेस्टिवलला, त्याच्या दारात होतोय, तो आत कधी गेलाय का विचारलं तर म्हणाला टाइम कुठाय. बाबांनी त्याला विचारलं, जहांगीरमध्ये? तर तोच जुना प्रश्न. तिकीट असेल ना?

हे ऐकल्यावर मला माझ्याच रागाबद्दल जरा शंका आली, कारण मी इथे जत्रा जत्रा म्हणून झेंडा नाचवतेय, आणि ज्याच्या कोपऱ्यावर ती भरते त्याला तिच्यात जागा नाही. त्या बाईंची पार्किंगची अडचण आणि याची कोपऱ्याची अडचण एकाच यादीत टाकायला मात्र मी तयार नाही. सॉरी. नाही टाकणार.

आणि एक राहिलं, 'पूर्वीचा चांगला क्राउड'. मी पूर्वी पण गेलेय हो. २००५ ला बाबा हट्टाने आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले, आईसुद्धा, नवीन साडी नेसून. ऱ्हिदम हाउस, ते कॅसेट-सीडीचं दुकान, तेव्हा चालू होतं (२०१६ ला बंद झालं, आज त्याच्यासमोर बाबा मिनिटभर उभे राहिले, तिथे हेडफोन लावून फुकट ऐकायचे आणि काहीच न घेता बाहेर पडायचे). आईने एक मातीचा कासव घेतला, घासाघीस करून, आणि रस्त्यावर बसायला नकोच म्हणाली, साडी खराब होईल म्हणून. शेवटी बसलीच. तेव्हा पण आमच्याकडे बघून कुणीतरी घरी जाऊन 'आजकाल कुठून कुठून येतात' म्हटलंच असेल, तेव्हा आपल्याकडे फेसबुक नव्हतं इतकंच. कासव अजून टीव्हीवर, म्हणजे टीव्ही आता भिंतीला लागला, त्याच्या खालच्या फळीवर आहे. आई नाहीये.

ठाणे गेलं कधीच. कळव्याला त्या चार पोरींपैकी दोघी उतरताना दिसल्या, याच गाडीत होत्या, बाबा झोपलेत हे बघून नुसता हात हलवून गेल्या.

दिव्याला बाबा जागे झाले. विचारलं मघापासून काय लिहितेस, सांगितलं. ती पोस्ट पण वाचून दाखवली. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा पुसला, म्हणाले, 'पुढच्या रविवारी शेवटचा दिवस ना? संध्याकाळी गायला कोण आहे ते बघ. आणि मेगाब्लॉक कुठल्या लायनीवर आहे तेही बघून ठेव.'

कोपर आलं. उतरायला उठते.