आधी माशांची अंघोळ

अमेझॉनच्या खोऱ्यातलं पाणी बाराही महिने कोमट असतं. तिथल्या वंशातल्या एंजल माशांना निफाडचा पारा कसा समजावून सांगायचा, हे मला अजून उमगलेलं नाही. आमचे एंजल काही थेट अमेझॉनहून आलेले नाहीत. दुकानदाराच्या सांगण्यानुसार त्यांचा जन्म मुंबईकडच्या कुठल्याशा सिमेंटच्या हौदातला. पण घराण्याचा तोरा हौदात जन्मून जात नाही. पाणी २६ अंशांच्या आसपास हवं म्हणजे हवं.

टाकी १०० लीटरची. फिल्टर बिचारा माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करून ठेवतो आणि हात झटकतो. ते नायट्रेट बाहेर काढायला माणूस आणि बादलीच लागते. म्हणून दर आठवड्याला २५ लीटर जुनं पाणी काढायचं, २५ लीटर नवं घालायचं. वेळ मिळतो रविवारी सकाळी. रविवारी सकाळी उभं नाशिक मिसळ खायला बाहेर पडलेलं असतं. मित्रांचे फोन येतात, मागून पातेल्यांचे आवाज येतात, आणि मी गॅलरीत उकिडवा बसून बादलीत काचेची नळी धरलेला असतो. ‘काय करतोय?’ या प्रश्नाला ‘ताप बघतोय’ असं उत्तर देतो. त्यावर कुणी फारसं विचारत नाही.

जानेवारीत गंगापूर धरणाचं पाणी नळातून येतं तेव्हा हाताची बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, ते कळत नाही. समजा ते १७ अंश आहे. तसंच ओतलं तर सगळ्या टाकीचं तापमान सव्वादोन अंशांनी खाली येतं. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण मासा थंड रक्ताचा. त्याच्या अंगात हीटर नसतो, पाण्याचा असेल तोच त्याचा ताप. अशा धक्क्यांनी त्याची प्रतिकारशक्ती ढासळते आणि अंगावर मीठ भुरभुरल्यागत पांढरे ठिपके उठतात. मग औषध, मग दुकानदाराचं व्याख्यान. त्यापेक्षा गरम पाणी मिसळलेलं बरं.

किती मिसळायचं याचं गणित शाळेतलंच आहे. नळाचं १७, गीझरचं ६०, हवं २६. म्हणजे २५ लीटरमध्ये साधारण सव्वापाच लीटर गरम. कागदावर हे दोन ओळींत सुटतं. घरात सुटत नाही, कारण ते सव्वापाच लीटर कुणाच्या तरी अंघोळीतून कापावे लागतात.

आमचा गीझर म्हणजे गच्चीवरचा सोलर. त्याच्या पाण्यावर पहिला हक्क अण्णांचा. ते पहाटे पाचला अंघोळ करतात आणि टाकीतलं उष्ण ते सगळं उपभोगून स्तोत्र म्हणत बाहेर येतात. त्यांच्यामागून मुलगी. तिला केस धुवायचे असतात, आणि ते केस रविवारीच धुवायचे असतात. उरलं ते बायकोचं. या रांगेत मी मासे घुसवले त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “अहो, त्यांनाच आत बोलवा ना, साबण देते.”

त्यात क्लोरीन. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, म्हणून जुने मासेवाले आदल्या रात्री बादल्या भरून ठेवायला सांगतात. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. फक्त तो मुंबईच्या माणसाने दिलेला असावा. नाशिकच्या गॅलरीत रात्रभर ठेवलेल्या बादलीतून सकाळी क्लोरीन गेलेलं असतं, पण ऊबही त्याच्यासोबत गेलेली असते. शेवटी मी थायोसल्फेटचे खडे आणले. चिमूटभर टाकले की क्लोरीन काही मिनिटांत निकामी होतं, आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला पुन्हा जागा झाली. घरात या खड्यांबद्दल सगळ्यांचं चांगलं मत आहे.

मग मी रांगेतून बाहेर पडायचं ठरवलं. माशांचाच १०० वॅटचा जादा हीटर बादलीत सोडला. १७ चे २६ व्हायला त्याला अडीच तासांहून जास्त वेळ लागतो. तोवर मिसळ संपते. अंघोळीचा १५०० वॅटचा रॉड तेच काम दहा-अकरा मिनिटांत करतो. पण तो चालू असताना बादलीत बोट घालण्याची जी राष्ट्रीय सवय आहे, ती आधी मोडावी लागते. बटण बंद, प्लग बाहेर, मग थर्मामीटर. टाकीतल्या हीटरचंही तसंच. पाणी उपसायच्या आधी तो बंद करायचा, नाहीतर तापलेली काच उघडी पडते, तिच्यावर थंड पाणी पडतं आणि ती तडकते.

हे सगळं चालू असताना एकदा निफाडचा मेव्हणा आला होता. त्याची द्राक्षबाग आहे. मला वाटलं हसेल. तो मात्र बादलीशेजारी मांडी घालून बसला. “दाजी, आम्ही काय वेगळं करतो? गारठा पडला की मण्यांना तडे जातात. रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं.” घरात मला गांभीर्याने घेणारा माणूस शंभर टक्के सासरचा निघावा, हे बायकोला अजून पचलेलं नाही.

नवं पाणी पडल्यावर कधीकधी काचेवर आणि माशांच्या अंगावर बारीक बुडबुडे चिकटतात. गार पाण्यात हवा जास्त विरघळते; ते तापलं की ती बाहेर पडते. बुडबुडे फार दिसले तर बादलीत थोडा वेळ एअरपंप सोडून मग पाणी ओततो. शेजारचा छोटा हे बघायला येतो. परवा काचेला नाक लावून त्याने विचारलं, “काका, याला घामोळं आलंय?” मी विरघळलेल्या वायूंबद्दल सांगायला लागलो. तो घरी गेला आणि पावडरचा डबा घेऊन आला.

मे महिन्यात सगळं उलटतं. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं त्यात चहा टाकावा. तेव्हा मी पहाटेच पाणी भरतो, टाकीवर पंखा रोखतो आणि फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्यांसाठी सरबतवाल्यांशी भांडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, हे कारण मी देतो. लिंबू सरबताचं कारण नेहमी जास्त भारी पडतं.

सध्या मात्र थंडी आहे आणि थर्मामीटर जागेवर सापडत नाही. तो अण्णांच्या न्हाणीघरात असतो. मासे रांगेत आल्यापासून आपल्या वाट्याला नक्की काय येतं, याची ते नोंद ठेवू लागले आहेत. काल पहाटे दार किलकिलं करून त्यांनी हाक मारली, “अरे, आज एकोणचाळीसच आहे. काल बेचाळीस होतं. तीन अंश कुणाला दिलेस?”