पिल्लाच्या नखात जीव असतो

"पिल्लाची नखं एकदाच मुळापासून कापून टाका, नखात जीव नसतो. रक्त आलंच तर चुना लावा. हिंडणाऱ्या कुत्र्याला तर कापायचीही गरज नाही. आणि नखं गेली की ओरखड्यातून रेबीज व्हायची भीतीच गेली." महिन्याभरापूर्वी हा मेसेज लातुरात आमच्या तीन-चार ग्रुपांवर फिरला. दुसऱ्याच दिवशी शेजारचं पोरगं २ महिन्यांचं पिल्लू छातीशी धरून आलं. "काकू, ह्याचं रक्त थांबंना." गेटापासून शहाबादी फरशीवर थेंब पडत आलेले. म्हणून हे लिहिते आहे.

नखात जीव नसतो म्हणे. टोकाला नसतो, आत असतो. त्याला आपल्याकडं जिव्हाळी म्हणतात. तिच्यात रक्तवाहिनीही असते आणि संवेदनाही, म्हणून तिथं कात्री लागली की पिल्लू किंचाळतं. पांढरं नख उजेडात धरलं की ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, आणि गावठी पिल्लांची नखं बहुधा काळीच. तिथं कुत्र्यांच्या नखांची धारदार कात्री घेऊन १-२ मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या. प्रत्येक वेळी कापलेलं तोंड बघायचं. आधी ते कोरडं, खडूसारखं दिसतं. मधोमध काळसर, ओलसर ठिपका दिसला की हात थांबवायचा. आपलं नेलकटर इथं नको, ते गोल नखाला चेपतं आणि नख चिरतं.

"एकदाच" हे तर पार उलटं आहे. नख वाढू दिलं की जिव्हाळीही पुढं येते. दर २-३ आठवड्यांनी नुसतं टोक काढत राहिलं तर ती हळूहळू मागं सरते.

हिंडणाऱ्या कुत्र्याचं अर्धंच खरं. डांबरी रस्त्यावर नखं झिजतात, मऊ काळ्या रानात तेवढी झिजत नाहीत. पण पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही. ते गोल वळत जाऊन मांसात शिरतं. केसाळ पायात ते दिसतही नाही, बोटानं चाचपून बघावं लागतं.

चुन्यानं कातडी भाजते, आणि पिल्लू तो पाय चाटणारच. स्वच्छ कापडावर मैदा किंवा तुरटीची पूड घेऊन ५ मिनिटं दाबून धरा, मधेच उघडून बघू नका. त्या पोराच्या पिल्लाचं रक्त असंच थांबलं. १५ मिनिटांत थांबलं नाही तर जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या.

रेबीजचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचला. रेबीजचा विषाणू लाळेत असतो. पाय चाटलेल्या कुत्र्याचा ओरखडा म्हणून धोक्याचा, मग नख लांब असो की आखूड. पिल्लाला साधारण ३ महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस देतात, पुढं डॉक्टर सांगतील तसे डोस. हे पिल्लू रस्त्यावरून उचललेलं, लस न झालेलं. आणि रक्ताच्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, की झटापटीत पोराच्या मनगटावर तीन लाल ओरखडे उठले होते. त्याला मोरीच्या नळाखाली उभं करून १५ मिनिटं साबणानं हात धुवायला लावला आणि लगेच त्याच्या आईसोबत सरकारी दवाखान्यात लस घ्यायला पाठवलं.