ईडी लागली की भूतकाळ निघतोच

शाळेत इंग्रजी क्रियापदांच्या दोन टोळ्या असतात, अनियमित आणि नियमित, आणि अख्खं बालपण आपल्याला भीती घालतात ती पहिलीची. गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, तक्तेच्या तक्ते घोकून घेतात. पण मी म्हणते हे अनियमितवाले सरळ आहेत हो. एकदा पाठ केले की जन्मभर तसेच, कट-कट-कट, पुढे काही कटकट नाही. छळतात ते नियमितवाले, कारण त्यांच्याबद्दल जो तो एकच सांगतो, 'सोप्पंय, नुसता शेवटी ईडी लावायचा.'

लेक सातवीत, सेमी-इंग्लिशला. युनिट टेस्टच्या आदल्या रात्री टेन्सचा तक्ता घेऊन बसलो आम्ही दोघी. तीन काळ गुणिले चार प्रकार म्हणजे बारा खण, आणि क्रियापद अर्थातच 'प्ले', कारण इंग्रजीच्या पुस्तकातली मुलं बाराही काळात खेळतच असतात, आमच्याकडची तेवढी रात्री साडेनऊला डोळ्यात पाणी आणून बसलेली असतात. नवरा बातम्या बघत होता, तिकडनंच म्हणाला, 'अगं त्यात काय, ईडी लागली की कोणाचाही भूतकाळ बाहेर निघतो.' झालं! पुढचा अर्धा तास लेकीला ती ईडी वेगळी आणि ही वेगळी हे समजावण्यात गेला.

बरं, ईडी लावला. आता वाचायचा कसा? आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून व्हायला २००० साल उजाडलं), आणि वर्गात आम्ही सगळ्यांनी एका सुरात 'वॉकेड, जंपेड, लुकेड' असं म्हटलेलं आहे, तेही मोठ्यांदा आणि अभिमानाने. प्रत्यक्षात इंग्रज म्हणतो वॉक्ट, जंप्ट, लुक्ट. पण प्ले चं मात्र प्लेड, बेग चं बेग्ड, आणि वॉन्ट चं वॉन्टिड. म्हणजे लिहायचा एक आणि उच्चार तीन! आणि गंमत अशी की याचा नियम आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकात आधीच बसलाय. कठोर वर्ण आणि मृदू वर्ण आठवतायत का, प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं कठोर, शिवाय श-ष-स, असं काहीतरी संधीच्या आधी येतं ते? तर क, च, प, फ, स, श असं कठोर काही शेवटी आलं की ईडीचा होतो ट, आणि ग, ब, म, न किंवा स्वर आला की ड. फक्त शेवटी आधीच ट किंवा ड ठाण मांडून बसलेला असेल तर जिभेला जागाच उरत नाही, म्हणून मध्ये इ घालून वॉन्टिड, नीडिड. इतकं सरळ! पण मराठीच्या तासाला हे इंग्रजीचं म्हणून कोणी सांगत नाही आणि इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की ओरडा बसतो, मग कळणार कसं.

स्पेलिंगचं तर विचारूच नका. स्टॉप ला दोन पी, व्हिजिट ला मात्र एकच टी, क्राय चा वाय गळून पडतो पण प्ले चा वाय हलत नाही. ट्रॅव्हल ला इंग्लंडमध्ये दोन एल लागतात, अमेरिकेत एकात भागतं. लेकीने शाळेत शिकवलेले दोन लिहिले तर कॉम्प्युटरने खाली लाल रेघ मारली, त्यामुळे आता बाईंचं खरं का कॉम्प्युटरचं हा वाद आमच्या घरात सुरू आहे.

वर्तमानकाळात वेगळाच तमाशा. 'द बॉय प्लेज', पण 'द बॉइज प्ले'. घरात एकच छत्री असावी तसा तो एस, मुलाने नेला की क्रियापद बिचारं तसंच बाहेर आणि क्रियापदाने नेला की मुलगा एकटा. भूतकाळात प्रश्न विचारायचा तर डिड येतं आणि ईडी काढून घेऊन जातं, 'डिड यू प्ले'. इथे भलेभले मॅनेजर लोक झूम कॉलवर 'डिड यू कॉल्ड' म्हणतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही, मार्क कापायचे ते आमच्या पोरीचे.

आणि चालू पूर्ण काळ! 'आई, चालू आहे का पूर्ण आहे, एक काय ते सांग ना.' मी काय सांगणार? 'मी खेळत आलेलो आहे', म्हणजे खेळून आलाय का येताना खेळत होता कोण जाणे. भविष्यकाळातलं 'मी खेळत आलेलो असेन' तर जिवंत माणसाच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही, पण मार्क सगळ्याला सारखेच.

मुळात आपल्या लोकांना बारा काळ शिकवणं हेच धाडस आहे. जेवायला हाक मारली की आतल्या खोलीतून 'आलो' येतं, शुद्ध भूतकाळ, आणि माणूस अजून मोबाईलमध्येच. 'पोचलोच' म्हणणारा चप्पल शोधत असतो. घरातून निघताना आपण 'येते हां' म्हणतो, जात असतो तरी.

म्हणूनच बहुतेक आपण शहाणपणाने इंग्रजी क्रियापद तेवढं घरात घेतो आणि त्याचं चालवणं दाराबाहेर ठेवतो. चेक केलं, डिलीट मारलं, फॉरवर्ड करते, ॲडजस्ट करू. सगळे काळ करणे आणि मारणे ही जोडी सांभाळते, ईडी बिडी कोणाला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लेक शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर, बूट दारातच. विचारलं, 'काय गं, टेन्सचा प्रश्न आलेला का?'

'आलेला ना. दहा मार्कांचा.'

'मग?'

'ऑप्शनला टाकला.'