छोटी कामं बाहेर द्या म्हणणाऱ्यांनो, हा पाउचचा छापील रोल बघा

एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचा, लायसन्स नंबर 14 आकडी असतो. माझ्या जिरावणाच्या (पोह्यावर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याच्या) पाउचवर 13 आकडे छापून आलेत. अख्ख्या रोलवर! मधला एक शून्य गायब. लायसन्सची पीडीएफ दिली होती, त्यातून नंबर उचलून चिकटवायचा, एवढंच काम. त्या डिझायनर पठ्ठ्यानं तो हातानं टाइप केला. का? काय नडलं होतं? आणि प्रूफ मला दाखवलंच नाही. "अर्जंट था भिया, तो सीधा प्रिंटर को भेज दिया."

ग्रॅव्ह्युअरच्या, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा. आता काळ्याचा सिलिंडर नव्यानं कोरायचा, रोल पुन्हा छापायचा, आणि थोडक्या मालासाठी छापणारा मशीन लावत नाही. इकडे इंदूरच्या सियागंज बाजारातून निवडून आणलेले धने, जिरं, बडीशेप भाजून, दळून डब्यात पडलंय. भाजलेल्या जिऱ्याचा वास रोज थोडा थोडा उडतोय. वासच गेला तर इंदूरचा माणूस ते पोह्यावर कशाला घालेल?

वर मला म्हणतो, "चल जाएगा, कौन गिनता है." फूड सेफ्टीवाला मोजतो ना! लेबल चुकलं की माल मिसब्रँडेड, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत दंड. लायसन्स माझ्या नावावर आहे, नोटीस माझ्या दारावर लागणार. हा तेव्हा फोन तरी उचलेल का?

आणि ते सल्ले देणारे! "तू फाउंडर आहेस, बारीकसारीक कामात अडकू नकोस, तुझ्या तासाची किंमत काढ." काढली. दहा मिनिटांचं काम समजावण्यात अर्धा तास, मागे लागण्यात आठवडा, तपासण्यात पुन्हा तासभर, आणि चुकलं की महिन्याचा धंदा बसला. हा हिशेब कोणी सांगत नाही.

जीएसटीचंही तेच. रिटर्न भरायला एकाला दिलं. महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचा रिटर्न) जायला हवा, हे त्याला मी सांगायचं? तारीख उलटली, 14 तारखेला माझा माल घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या 2बीमध्ये (जीएसटीवरच्या त्याच्या खरेदीच्या यादीत) माझं बिल दिसलं नाही, त्याचं टॅक्स क्रेडिट अडकलं आणि त्यानं माझं पेमेंट अडकवलं. लेट फी दिवसाला 50 रुपये, ती भरून टाकतो हो. पण त्या व्यापाऱ्यासमोर माझी पत गेली, ती कुठल्या चलानानं भरू?

सगळंच घरात करा असं मी म्हणत नाही. पाउच भरणं, सील करणं, कुरिअर, साफसफाई हे मी खुशाल बाहेरच्यांना देतो. तिथे चूक झाली तर समोर दिसते, त्याच दिवशी सुधारते. पण ज्या कागदावर माझा नंबर आणि माझी सही आहे, ते काम कितीही किरकोळ असो, माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आता हलणार नाही. कोणाला मी चिकट वाटलो तर वाटू दे.

आज सकाळी त्या डिझायनरचं बिल आलंय. पूर्ण रकमेचं, वर 'अर्जंट चार्ज' वेगळा! एक पैसा मिळणार नाही. आधी काळ्या सिलिंडरचे पैसे टेबलावर ठेव, मग बोल.