पाचवा ठोकळा

परवा कॅनडातल्या सेंट कॅथरिन्समधल्या एका गॅरेजमधून मला बाहेर काढण्यात आले. गॅरेज परक्याचे होते हे मान्य. परंतु मिसिसागाहून तिथवर गाडी मी हाकली होती, खिशातले डॉलर माझे होते आणि जी वस्तू घ्यायची होती ती ठेवायला तळघरही माझेच लागणार होते.

आमच्या चिरंजीवांना नील पिअर्ट व्हायचे आहे. नुसते ड्रमवादक व्हायचे असते तर माझी हरकत नव्हती. 'रश' या कॅनडाच्या बँडमध्ये १९७४ साली दाखल झालेल्या आणि २०२० मध्ये निवर्तलेल्या या थोर वादकाचा, १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' या अल्बमच्या काळातला ड्रमसंच आमच्या तळघरात जसाच्या तसा उभा राहिला पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे. म्हणजे २४ इंची दोन बास ड्रम, ६ ते १२ इंचांचे खालून उघडे असे चार टॉम, म्हणजे छोटे ड्रम, काउबेल आणि वर टांगलेल्या झांजांचा पसारा. पिअर्ट काठीच्या जाड टोकाने वाजवीत असे, म्हणून हाही काठ्या उलट्या धरतो. पिअर्टचा जुना क्रोमचा संच २०२० साली लिलावात पाच लाख डॉलरांवर गेला, ही बातमी मला घरात वारंवार ऐकवली जाते. 'तेव्हा आपला किती स्वस्तात पडतोय बघा, बाबा,' हे तिचे पालुपद.

उरले होते टेंपल ब्लॉक. हे पाच पोकळ लाकडी ठोकळे. लहानमोठ्या आकारांमुळे प्रत्येकाचा सूर निराळा. 'झॅनाडू' आणि 'द ट्रीज' या गाण्यांत ते वाजतात, म्हणून आमच्याकडे हवेत. विकणारे निवृत्त गृहस्थ सेंट कॅथरिन्सच्याच पोर्ट डल्हौसी भागात राहतात. पिअर्ट लहानाचा मोठा झाला तो हाच भाग, आणि तिथल्या लेकसाइड पार्कमधल्या मंडपाला आता त्याचे नाव आहे. त्यामुळे पिअर्ट ही आपली गल्लीतली मालमत्ता आहे, अशी या गृहस्थांची पक्की समजूत दिसली.

पैशांचा विषय त्यांनी काढलाच नाही. सोयरीक जमवताना मुलाची करावी तशी त्यांनी चिरंजीवांची कसून चौकशी केली. "तू चौऱ्याण्णवच्या आधीचा की नंतरचा?" त्यांनी दरडावून विचारले. मुलगा २००९ साली जन्मला, असे मी नम्रपणे सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "आधीचा," मुलगा उत्तरला, आणि गृहस्थांचा चेहरा उजळला. प्रश्न काठी धरण्याच्या पद्धतीचा होता, हे मला मागाहून कळले.

मग त्यांनी 'रश'च्या 'वायवायझेड'ची तबकडी लावली. ही टोरोंटोच्या विमानतळाची सांकेतिक अक्षरे. ती मोर्स लिपीत जशी खटखटतात, तीच या गाण्याच्या आरंभाची लय आहे. चिरंजीव ठोकळ्यांवर ती वाजवू लागले. मी मात्रा मोजल्या, दहा भरल्या, आणि टाळी देत म्हणालो, "हा तर आमचा झपताल!"

गृहस्थांनी तबकडी थांबवली. खडू आणला, गुडघ्यांवर हात टेकत कण्हत खाली बसले आणि जमिनीवर रेघा व टिंबे काढू लागले. रेघेला दोन, टिंबाला एक. 'वाय' म्हणजे रेघ, टिंब, रेघ, रेघ, झाले सात. दुसऱ्या 'वाय'चे सात. 'झेड'चे दोन रेघा, दोन टिंबे मिळून सहा. एकूण वीस.

"मग दहाची दोन आवर्तने झाली की," मी म्हणालो.

"दुसरे कुठे सुरू होते?"

मी वाकून बोट ठेवले.

"तुम्ही 'वाय' मधोमध कापलात," ते हलक्या, दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

माझा छेद बरोबर रेघेच्या आरंभी पडत होता. एकही रेघ दुभंगत नव्हती, आणि हे मी दाखवूनही दिले. त्यावर ते मुलाला म्हणाले, "तुझ्या वडिलांना बाहेर थांबायला सांग. त्यांच्यामुळे लय बिघडते." आणि माझ्या रक्ताच्या, माझ्याच पैशांनी वाढलेल्या मुलाने मला तसे सांगितले!

लेक ओंटारिओवरून येणारे एप्रिलचे वारे अंगावर घेत मी गाडीपाशी उभा राहिलो. राग अजून गेलेला नाही. ज्या पिअर्टच्या नावाने ही सोवळी पाळली जातात, त्याने स्वतः कीर्तीच्या शिखरावर असताना, चाळिशी ओलांडल्यावर, फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध गुरूंकडे जाऊन काठी धरण्यापासून सगळे पुन्हा गिरवले. हेच ते चौऱ्याण्णव साल. त्या माणसाला आपलाच हात मोडून नवा घडवावासा वाटला. भक्तांना मात्र त्याचा एक ठोकळा इंचभर सरकलेला खपत नाही, आणि दहापर्यंत मोजता येणाऱ्या परक्या माणसाने हे संगीत आपल्या पद्धतीने ऐकावे, हे तर मुळीच नाही. मुलगाही त्याच वाटेने निघाला आहे. स्वतःचे म्हणून काही वाजव, असे सुचवले की तो माझ्याकडे दयेने पाहतो.

अखेर दार उघडले. मी पूर्ण किंमत मोजली आणि ठोकळे मोजले. चार होते. पाचवा, सर्वांत लहान, गृहस्थांनी अनामत म्हणून ठेवून घेतला होता; 'वायवायझेड'चा आरंभ न चुकता वाजवून दाखवला की तो मिळेल. चिरंजीवांना ही अट अत्यंत न्याय्य वाटते. गृहस्थांनी निघताना आणखी एक अट घातली, ती त्याने मला महामार्गाला लागल्यावर सांगितली: पुढच्या वेळी गाडी चालवायला आईला आणायचे.